फॉर्म्बी पाइनवन

फॉर्म्बी पाइनवन हे इंग्लंडच्या वायव्य भागातील मर्सीसाइड परगण्यात, सेफ्टन किनारपट्टीवर असलेले मानवनिर्मित सूचिपर्णी वन आहे. लिव्हरपूल आणि साउथपोर्ट या शहरांच्या दरम्यान वसलेल्या फॉर्म्बी या गावाच्या पश्चिमेस, आयरिश समुद्रालगतच्या वालुकागिरींवर (वाऱ्याने साचलेल्या वाळूच्या टेकड्यांवर) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पाइन वृक्षांची लागवड करण्यात आली. त्यातून हे वन उभे राहिले. वनाचा व लगतच्या किनाऱ्याचा मोठा भाग १९६७ सालापासून नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीचा आहे. इंग्लंडमध्ये दुर्मीळ झालेल्या लाल खारींचे आश्रयस्थान म्हणून आणि लिव्हरपूल परिसरातील लोकांचे सहलीचे ठिकाण म्हणून हे वन प्रसिद्ध आहे.

किनारी वनांमध्ये निसर्गसंवर्धन आणि पर्यटन यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाच्या अभ्यासात फॉर्म्बीचे उदाहरण उपयोगी ठरते. येथे एकाच अरुंद पट्ट्यावर तीन हक्क सांगितले जातात: मोकळ्या, सरकत्या वालुकागिरींवर जगणाऱ्या जीवजातींचा, पाइनवर अवलंबून असलेल्या लाल खारींचा आणि शहरातून मोकळ्या हवेसाठी येणाऱ्या माणसांचा. समुद्राच्या धुपेमुळे हा पट्टा दरवर्षी अधिक अरुंद होत असल्याने या तिन्हींमधील निवड टाळता येत नाही.

## स्थान व भूरचना

सेफ्टन किनारपट्टी ही दक्षिणेस मर्सी नदीचे मुख आणि उत्तरेस रिबल नदीचे मुख यांच्या दरम्यान पसरलेली आहे. येथील वालुकागिरींचे क्षेत्र सुमारे २,००० हेक्टर असून ते इंग्लंडमधील अशा प्रकारचे सर्वांत मोठे क्षेत्र मानले जाते. किनाऱ्याचा समुद्रात पुढे आलेला भाग 'फॉर्म्बी पॉइंट' या नावाने ओळखला जातो. येथे उधाणाच्या वेळी भरती व ओहोटीच्या पातळीतील फरक ८ मीटरांहून अधिक असतो. त्यामुळे ओहोटीच्या काळात वाळूचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते, त्यावरील कोरडी वाळू पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर जमिनीकडे वाहत येते आणि तिच्यापासून वालुकागिरी तयार होतात.

समुद्राकडून जमिनीकडे जाताना भूदृश्य क्रमाक्रमाने बदलते. प्रथम पुळण, त्यानंतर मॅरम गवताने बांधलेल्या उंच व अस्थिर वालुकागिरींची रांग, त्यामागे गवत व लहान झुडपांनी स्थिर झालेल्या जुन्या वालुकागिरी आणि त्यांच्या मध्ये पावसाळी पाण्याने भरणारे सखल पाणथळ भाग आढळतात. पाइनवन हे या रांगांच्या मागच्या बाजूस, काही ठिकाणी तर थेट जुन्या वालुकागिरींवरच उभे आहे. त्याच्या पूर्वेस शेते, लोहमार्ग आणि फॉर्म्बीची वस्ती आहे.

## इतिहास

### लागवडीपूर्वीचा काळ

उडणारी वाळू ही या किनाऱ्यावरील रहिवाशांची जुनी समस्या होती. वाळूने शेते व वाटा बुजत असल्यामुळे मॅरम गवताची लागवड करणे हे अनेक कुळांच्या करारातच बंधनकारक असे. हे गवत चटया, झाडू व छप्परे यांसाठीही कापले जाई. गवत कापल्याने वाळू मोकळी होते, हे लक्षात आल्यावर १७४२ साली ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्यात या किनाऱ्यावरील असे गवत नष्ट करण्यास मनाई करण्यात आली. वालुकागिरींवर सशांची पैदासही मोठ्या प्रमाणावर होत असे. सशांच्या चरण्यामुळे येथील गवत आखूड राहत असे आणि झुडपे वाढू शकत नसत.

### पाइनची लागवड

१८४८ साली लिव्हरपूल ते साउथपोर्ट हा लोहमार्ग सुरू होऊ लागल्यावर या किनाऱ्याचे स्वरूप बदलू लागले. स्थानिक जमीनदार वेल्ड-ब्लंडेल घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या जमिनीवर पाइनची लागवड सुरू केली आणि ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चालू राहिली. वाळू स्थिर करणे, मागच्या शेतीला वाऱ्यापासून आडोसा देणे आणि किनाऱ्यावर विहारस्थळ विकसित करणे, असे तिचे अनेक हेतू होते. महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावरही वारा व वाळू अडवण्यासाठी सुरूची बने लावण्यात आली आहेत. मात्र सुरू हा पाइनच्या कुळातील वृक्ष नाही.

लागवडीसाठी मुख्यतः कॉर्सिकन पाइन हा मूळचा भूमध्य समुद्राच्या परिसरातील वृक्ष निवडण्यात आला. त्याच्या जोडीने ऑस्ट्रियन पाइन आणि स्कॉट्स पाइन हेही लावले गेले. खारे वारे आणि निकस वाळू यांत तग धरण्याची क्षमता हे कॉर्सिकन पाइनच्या निवडीचे प्रमुख कारण होते.

### शेती, वाळूउपसा व कचरा

याच काळात फॉर्म्बीच्या शेतकऱ्यांनी जुन्या वालुकागिरी सपाट करून तेथे ॲस्परॅगस या भाजीची लागवड केली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हे पीक भरभराटीस आले. 'फॉर्म्बी ॲस्परॅगस' हे नाव दूरच्या बाजारपेठांमध्ये परिचित झाले होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर बांधकाम व उद्योगांसाठी वाळूचा उपसाही झाला. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७४ पर्यंत तंबाखू प्रक्रियेतील टाकाऊ माल वालुकागिरींमध्ये आणून टाकला जात असे. त्याचे गडद रंगाचे थर पुढे धुपेमुळे उघडे पडले आणि कड्यांसारखे दिसू लागले. वनाच्या आसपासची ही भूमी 'अस्पर्श निसर्ग' म्हणून ओळखली जात असली, तरी तिचे आजचे रूप बऱ्याच अंशी अशा मानवी वापरातूनच घडलेले आहे.

### नॅशनल ट्रस्टकडे मालकी

ब्रिटनचा किनारा बांधकामांपासून वाचवण्यासाठी नॅशनल ट्रस्टने १९६५ साली 'एंटरप्राइज नेपच्यून' ही निधिसंकलन मोहीम सुरू केली. या मोहिमेतून १९६७ साली फॉर्म्बीची जमीन खरेदी करण्यात आली. उत्तरेकडील एन्सडेल येथील वालुकागिरी व पाइनवन यांचे क्षेत्र १९६५ साली राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले होते. त्याचे व्यवस्थापन सध्या नॅचरल इंग्लंड ही शासकीय संस्था करते. फॉर्म्बी व एन्सडेल येथील वने एकाच किनारी पट्ट्यात असल्याने त्यांचे प्रश्नही समान आहेत.

## परिसंस्था

### पाइनवन व लाल खारी

एकाच काळात लावलेले, जवळपास एका वयाचे वृक्ष हे या वनाचे वैशिष्ट्य आहे. दाट सावली आणि जमिनीवर साचणाऱ्या सुयांच्या थरामुळे वनतळाशी वनस्पतींची विविधता मर्यादित राहते. तथापि कवकांच्या अनेक जाती आणि ड्यून हेलेबोराइन हे दुर्मीळ ऑर्किड येथे आढळते.

वनातील सर्वांत परिचित प्राणी म्हणजे लाल खार. ब्रिटनमध्ये पूर्वी सर्वत्र आढळणारी ही खार उत्तर अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींच्या प्रसारामुळे इंग्लंडच्या बहुतेक भागांतून नाहीशी झाली. करड्या खारी १८७६ साली ब्रिटनमध्ये प्रथम सोडण्यात आल्या. त्या आकाराने मोठ्या असून ओक वृक्षाची कच्ची फळेही पचवू शकतात. त्यामुळे रुंदपर्णी वनांत लाल खारींचा निभाव लागत नाही. पाइनच्या शंकूंतील बारीक बियांवर मात्र हलक्या वजनाची लाल खार चांगली जगू शकते. मूळची बाहेरची असलेली पाइन वृक्षांची ही लागवड याच कारणामुळे एका देशी प्राण्याचा आधार बनली आहे. उत्तर इंग्लंडमध्ये लाल खारींसाठी निश्चित केलेल्या १७ प्रमुख आश्रयक्षेत्रांमध्ये सेफ्टन किनारपट्टीचा समावेश होतो.

करड्या खारींच्या शरीरात 'स्क्विरलपॉक्स' या रोगाचा विषाणू असतो. त्यांना सहसा त्याचा त्रास होत नाही, परंतु लागण झालेली लाल खार बहुधा दोन आठवड्यांच्या आत दगावते. २००८ च्या सुमारास आलेल्या साथीत येथील लाल खारींची संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटली. त्यानंतर उरलेल्या खारींपासून संख्या हळूहळू सावरली. लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी या सावरण्याचा अभ्यास केला असून काही खारी लागण होऊनही वाचल्याचे त्यांना आढळले.

### मोकळे वालुकागिरी व पाणथळ भाग

वनाबाहेरील मोकळ्या वाळूवर वेगळीच जीवसृष्टी आहे. नॅटरजॅक भेक हा ब्रिटनमधील दुर्मीळ उभयचर प्राणी वालुकागिरींमधील उथळ, उन्हाने तापणाऱ्या डबक्यांत अंडी घालतो. उन्हाळ्यात आटणारी डबकी त्याला सोयीची असतात, कारण पिलांना खाणारे मासे व इतर जलचर तेथे टिकत नाहीत. वसंतातील रात्री या भेकांचा आवाज दूरवर ऐकू येतो. त्यावरून त्यांना स्थानिक बोलीत 'बर्कडेल नाइटिंगेल' (बर्कडेलचा बुलबुल) असे गमतीचे नाव पडले आहे. सँड लिझर्ड हा सरडावर्गीय प्राणी उघड्या, ऊबदार वाळूत अंडी पुरतो. याखेरीज जमिनीत बिळे करणाऱ्या मधमाश्या, वाघभुंगे आणि पाणथळ भागांतील पेटलवर्ट यांसारख्या लहान वनस्पती येथे आढळतात.

या सर्व जातींची गरज एकच आहे: अधूनमधून हलणारी उघडी वाळू आणि जमिनीच्या पृष्ठभागाजवळ असलेले भूजल. दाट झाडी या दोन्ही गोष्टी कमी करते.

### प्राचीन पदचिन्हे

फॉर्म्बी पॉइंटच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी गाळाचे जुने, घट्ट झालेले थर उघडे पडतात. त्यांवर माणसांची, तसेच ऑरॉक्स (रानगुरांची नामशेष जात), हरीण, रानडुक्कर, लांडगा व क्रौंच यांची पदचिन्हे आढळली आहेत. निवृत्त शिक्षक गॉर्डन रॉबर्ट्स यांनी १९८९ पासून अनेक वर्षे या ठशांची पद्धतशीर नोंद केली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासानुसार यांतील सर्वांत जुने ठसे सुमारे ८,५०० वर्षांपूर्वीचे आहेत. हे थर उघडे पडतात ते किनाऱ्याच्या धुपेमुळे, आणि उघडे पडल्यावर पुढच्या काही भरत्यांमध्येच ते पुसले जातात.

## कायदेशीर संरक्षण

सेफ्टन किनारपट्टीला 'विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे स्थळ' हा दर्जा आहे. युरोपीय अधिवास निर्देशानुसार ती २००५ साली 'विशेष संरक्षण क्षेत्र' म्हणून नोंदवली गेली. हे संरक्षण मुख्यतः वालुकागिरी, पाणथळ भाग आणि त्यांवरील वनस्पतीसमूह यांच्यासाठी आहे. लावलेले पाइनवन हा त्या नोंदीचा आधार नाही.

लाल खारीला मात्र १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याचे संरक्षण आहे. तिला मारणे, पकडणे किंवा तिचे घरटे नष्ट करणे हा गुन्हा ठरतो. इंग्लंडमध्ये ठरावीक मर्यादेपलीकडे झाडे तोडण्यासाठी वन आयोगाचा परवाना घ्यावा लागतो. त्यामुळे एका कायद्यानुसार ज्या वालुकागिरींचे पुनरुज्जीवन करायचे, त्यांवरच्या वृक्षांत दुसऱ्या कायद्याने संरक्षित प्राणी राहतो, अशी स्थिती येथे निर्माण झाली आहे.

## पर्यटन व त्याचे परिणाम

फॉर्म्बी व फ्रेशफील्ड ही लिव्हरपूल–साउथपोर्ट लोहमार्गावरील स्थानके वनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मोठ्या नागरी लोकसंख्येसाठी इतक्या जवळ असलेला हा मोकळा किनारा आहे. खारी पाहणे, पाइनखालून फिरणे, पुळणीवर खेळणे, कुत्र्यांना फिरवणे आणि शालेय सहली यांसाठी येथे वर्षभर लोक येतात. उन्हाळ्यातील सुट्टीच्या दिवशी वाहनतळ सकाळीच भरून जातो आणि गावातील अरुंद रस्त्यांवर कोंडी होते. कोविड-१९ च्या साथीत २०२० साली पहिले निर्बंध सैल झाल्यावर ही गर्दी विशेष जाणवली.

पर्यटनाचे परिणाम पुढील स्वरूपाचे आहेत:

* तुडवण: मॅरम गवत वाळूत गाडले गेले तरी वाढते, परंतु वारंवार पायाखाली आल्यास त्याचे भूमिगत खोड तुटते. गवत गेल्यावर वारा ती जागा पोखरतो आणि वालुकागिरीत खिंड पडते. १९६० व १९७० च्या दशकांत फॉर्म्बी येथे अशी हानी मोठ्या प्रमाणावर झाली होती.
* आग: पाइनच्या सुया व कोरडे गवत सहज पेट घेतात. वापरून फेकलेल्या शेगड्या आणि उघड्यावर पेटवलेली चूल हा कोरड्या दिवसांतील मोठा धोका आहे. लागवडीतील वृक्ष सलग असल्याने एका ठिकाणची आग खारींचा मोठा अधिवास नष्ट करू शकते.
* खारींना खाऊ घालणे: पूर्वी खारींना दाणे देणे हा सहलीचा भाग मानला जाई. एकाच जागी अनेक खारी जमल्याने रोगाचा प्रसार होतो, हे लक्षात आल्यानंतर अभ्यागतांनी खारींना काहीही देऊ नये, असे आवाहन केले जाते.
* कुत्रे: मोकळे सोडलेले कुत्रे जमिनीवर उतरलेल्या खारींचा पाठलाग करतात आणि भेकांच्या डबक्यांत उतरतात. त्यामुळे वनात कुत्र्यांना दोरीने बांधून न्यावे लागते.
* कचरा व वाहने: गर्दीच्या दिवशी साचणारा कचरा आणि बेशिस्तपणे उभी केलेली वाहने यांचा भार व्यवस्थापन करणाऱ्या संस्था, स्थानिक प्रशासन व रहिवासी यांच्यावर पडतो.

दुसऱ्या बाजूस, पर्यटनामुळेच या क्षेत्राला जनाधार मिळतो. वाहनतळाचे शुल्क, ट्रस्टच्या सदस्यांची वर्गणी आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर देखभालीचे बरेचसे काम चालते. खारींच्या नोंदी ठेवणारे, गवत लावणारे व कुंपणे दुरुस्त करणारे अनेक स्वयंसेवक आसपासच्या गावांतील रहिवासीच आहेत.

## वृक्षतोडीवरील वाद

संवर्धनाच्या मार्गांवरून झालेला सर्वांत तीव्र वाद एन्सडेल राखीव क्षेत्रातील पाइनविषयी होता. १९९० च्या दशकात तेथील व्यवस्थापनाने समुद्राच्या बाजूची पाइनची रांग तोडून मूळचे वालुकागिरी व पाणथळ भाग पुन्हा मोकळे करण्याचे काम हाती घेतले. पाइन वृक्ष वर्षभर हिरवे राहत असल्याने पाण्याचा उपसा व बाष्पीभवन वाढते, भूजलाची पातळी खाली जाते आणि भेकांची डबकी वेळेआधीच कोरडी पडतात, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. पाइनच्या बिया उडून मोकळ्या वालुकागिरींवर नवी रोपे उगवतात, हेही कारण देण्यात आले.

या कामाला स्थानिक रहिवाशांकडून विरोध झाला. समुद्राकडील वृक्ष गेल्यास मागच्या वनाला वाऱ्याचा आडोसा राहणार नाही, खारींचे खाद्य कमी होईल आणि पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेले दृश्य नाहीसे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. अनेकांच्या दृष्टीने हे वन म्हणजेच 'निसर्ग' होता. तज्ज्ञांच्या दृष्टीने ते शंभर वर्षांपूर्वीचे पीक होते आणि खरा दुर्मीळ अधिवास त्याखाली गाडला गेला होता. या मतभेदात दोन्ही बाजू संवर्धनाचाच आधार घेत होत्या. त्यामुळे केवळ शास्त्रीय माहिती देऊन तो मिटणारा नव्हता.

या वादानंतर किनाऱ्यावरील वनांसाठी एकत्रित आराखडा करण्यावर भर देण्यात आला. २००३ ते २०२३ या वीस वर्षांसाठी तयार केलेल्या सेफ्टन किनारी वनआराखड्यात विविध मालकांच्या वनांचा एकत्र विचार करण्यात आला. जुने वृक्ष टप्प्याटप्प्याने विरळ करणे, मोकळ्या जागांत नवी लागवड करणे आणि वेगवेगळ्या वयांचे वृक्ष राखणे, ही त्यामागची दिशा होती. लागवडीनंतर कॉर्सिकन पाइनला भरपूर शंकू येण्यास साधारणतः तीस वर्षे लागतात. म्हणून जुने वृक्ष एकाच वेळी मरू लागण्यापूर्वी नवी पिढी उभी करणे खारींसाठी आवश्यक आहे. ब्रिटनमधील कॉर्सिकन पाइनवर पडणाऱ्या डोथिस्ट्रोमा या कवकजन्य सुईकरपा रोगामुळे एकाच जातीवर अवलंबून राहणेही धोक्याचे ठरले आहे.

## किनाऱ्याची धूप

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत फॉर्म्बी पॉइंट समुद्राच्या दिशेने वाढत होता. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ही प्रक्रिया उलटली. येथील धुपेचा सरासरी वेग वर्षाला सुमारे ४ मीटर आहे. धुपलेली वाळू उत्तरेस व दक्षिणेस वाहून जाते आणि किनाऱ्याच्या इतर भागांत साचते. मोठ्या वादळात वर्षानुवर्षांची धूप काही तासांत होऊ शकते. २०१३–१४ च्या हिवाळ्यातील वादळांत काही ठिकाणी १० मीटरांहून अधिक किनारा एका झटक्यात नाहीसा झाला.

धुपेमुळे समुद्राकडील वालुकागिरी मागे सरकू पाहतात, परंतु मागे पाइनवन, वाहनतळ व शेते असल्याने त्यांना जागा मिळत नाही. समुद्र आणि वन यांच्या कात्रीत सापडलेले मोकळे अधिवास त्यामुळे आकसत जातात. वन जागच्या जागी राखायचे तर वालुकागिरी जातात. वालुकागिरींना मागे सरकू द्यायचे तर वनाच्या समुद्राकडील कडेचे वृक्ष वाळूखाली गाडले जातात. पुळणीजवळचा वाहनतळही वाळू व समुद्र यांच्या आक्रमणामुळे वेळोवेळी आक्रसला आहे, तर त्याच्या जुन्या बांधकामाचे तुकडे पुळणीवर उघडे पडतात.

नॅशनल ट्रस्टने येथे समुद्रभिंत बांधण्याऐवजी किनाऱ्यातील बदल स्वीकारून त्याप्रमाणे मागे सरकण्याचे धोरण अवलंबिले आहे. भिंत बांधल्यास वाळूचे वहन थांबून किनाऱ्याच्या शेजारील भागांना पुरवठा होणार नाही आणि वालुकागिरींची नैसर्गिक हालचालही बंद पडेल, हा त्यामागचा विचार आहे.

## व्यवस्थापन

सेफ्टन किनाऱ्यावर अनेक मालक व संस्था असल्याने १९७८ साली एक संयुक्त व्यवस्थापन योजना सुरू झाली. स्थानिक प्रशासन, नॅशनल ट्रस्ट, निसर्गसंरक्षणाची शासकीय यंत्रणा व स्वयंसेवी संस्था यांच्यातील हे सहकार्य पुढे वेगवेगळ्या नावांनी चालू राहिले. त्यातून विकसित झालेल्या उपायांचे ढोबळमानाने पुढील प्रकार करता येतात.

ये-जा एका मार्गाकडे वळवणे. संपूर्ण क्षेत्र बंद करण्याऐवजी वाहनतळ, शौचालये व खुणा केलेल्या पायवाटा ठरावीक ठिकाणी ठेवल्या जातात. बहुतेक लोक सोयीच्या वाटेनेच चालतात. त्यामुळे लाकडी फळ्यांची पायवाट आणि साधे कुंपण यांच्या साहाय्याने गर्दीचा भार थोड्या जागेवर राहतो व उरलेला भाग शांत राहतो. खारी पाहण्याची वाट आणि ॲस्परॅगसच्या शेतीचा इतिहास सांगणारी वाट ही याची उदाहरणे आहेत.

वाळूविषयीची बदललेली भूमिका. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॅरम लावून व कुंपणे घालून तुडवलेले वालुकागिरी स्थिर करण्यात आले. हे काम यशस्वी झाले. मात्र पुढे वेगळीच अडचण दिसू लागली. १९५० च्या दशकात पसरलेल्या मिक्सोमॅटोसिस रोगाने सशांची संख्या घटली होती आणि हवेतील नायट्रोजनमुळे गवत व झुडपे फोफावत होती. परिणामी उघडी वाळूच दुर्मीळ झाली. २०२० पासून इंग्लंड व वेल्समध्ये राबवण्यात आलेल्या 'डायनॅमिक ड्यूनस्केप्स' या प्रकल्पात सेफ्टन किनारपट्टीचा समावेश होता. या प्रकल्पात झुडपे काढणे, वरचा थर खरवडणे आणि वाळू पुन्हा हलती करणे यांवर भर देण्यात आला. एन्सडेल येथे हिवाळ्यात मेंढ्या चारून गवत आखूड ठेवले जाते. पूर्वी समुद्राच्या वाऱ्यापासून बचावासाठी लावलेली सी बकथॉर्न ही काटेरी झुडपे आता काढून टाकली जातात. पर्यटकांना वालुकागिरींवरून चालू नका असे सांगायचे आणि त्याच वेळी यंत्राने वाळू उघडी करायची, ही विसंगती वाटू शकते. जागा, ऋतू व प्रमाण यांवर नियंत्रण असणे हा दोन्हींतील फरक आहे.

खारींचे संरक्षण. वनाभोवतीच्या पट्ट्यात करड्या खारींवर लक्ष ठेवून त्यांना पकडले जाते. या कामात लँकेशायर वाइल्डलाइफ ट्रस्टचा सहभाग आहे. आजारी किंवा मृत खार दिसल्यास कळवणे आणि बागेतील दाण्याची भांडी स्वच्छ ठेवणे, अशी विनंती रहिवाशांना केली जाते. करड्या खारींना अनुकूल अशी मोठ्या बियांची रुंदपर्णी झाडे खारींच्या मुख्य अधिवासात लावली जात नाहीत.

संवाद. तोडणीपूर्वी कारणे सांगणारे फलक लावणे, मार्गदर्शित फेऱ्या काढणे आणि शाळांसाठी उपक्रम घेणे यांना एन्सडेलच्या वादानंतर अधिक महत्त्व आले. वृक्ष तोडणे म्हणजे निसर्गाची हानी, ही समजूत येथे नेहमीच लागू पडत नाही, हे समजावून सांगणे व्यवस्थापनाच्या कामाचा भाग बनले आहे.

## अन्य किनारी पाइनवने

वाळू अडवण्यासाठी लावलेल्या आणि पुढे लोकप्रिय झालेल्या पाइनवनांची उदाहरणे युरोपात इतरत्रही आहेत. वेल्समधील अँगलसी बेटावरील न्यूबरो वनाची लागवड १९४७ नंतर झाली. तेथेही लाल खारी, वालुकागिरींचे पुनरुज्जीवन आणि रहिवाशांचा वृक्षतोडीस विरोध असा तिढा निर्माण झाला. स्कॉटलंडमधील कल्बिन वन १६९४ साली वाळूखाली गाडल्या गेलेल्या जमिनीवर विसाव्या शतकात उभे करण्यात आले. फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील लांद प्रदेशातील पाइनवन हे यांपेक्षा कितीतरी मोठे आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात तेथील ला तेस्त-द-ब्यूश परिसरात सुमारे ७,००० हेक्टर वन जळाले आणि पिला या प्रसिद्ध वालुकागिरीजवळील सहलीचे तळ भस्मसात झाले. वन, वाळू आणि गर्दी एकत्र असलेल्या ठिकाणी आगीचा धोका किती मोठा असतो, हे त्या घटनेने दाखवून दिले.

या वनांच्या तुलनेत फॉर्म्बीचे वेगळेपण तेथील धुपेच्या वेगात आहे. इतरत्र वनाचा विस्तार किती ठेवायचा हा चर्चेचा विषय असतो. फॉर्म्बी येथे वन, वालुकागिरी व पायवाटा या तिन्हींची जागा समुद्राच्या हालचालीनुसार पुन्हा पुन्हा ठरवावी लागते.

## हे सुद्धा पहा

* लाल खार
* वालुकागिरी
* नॅशनल ट्रस्ट
* किनाऱ्याची धूप
* सुरू (वृक्ष)